‘क्रॅश’ म्हणजे दरवेळी अपघात नव्हे, या चुका टाळा

खानापूरचा माझा एक जुना विद्यार्थी बेंगळुरात नोकरीला लागला, आणि एका सकाळी ऑफिसमधल्या पोराचा मेसेज आला, "सॉरी, आय क्रॅश्ड अ‍ॅट टेन". हा घाबरला, लगेच फोन लावून विचारायला लागला कुठं लागलंय, कुठल्या हॉस्पिटलात आहेस, तर तो म्हणाला अरे दमून दहालाच झोपलो होतो. मला सांगताना पोरगं ओशाळलं होतं, पण चूक त्याची नाही हो, आम्हीच क्रॅश म्हणजे अपघात एवढंच शिकवून सोडतो.

म्हणून आधी बघायचं, क्रॅश कोण झालंय. गाडी किंवा विमान असेल तर आदळणं. माणूस असेल आणि गाडीचा विषयच नसेल तर बहुतेक वेळा दमून झोपणं, "कॅन आय क्रॅश अ‍ॅट युवर प्लेस" म्हणजे आज रात्री तुझ्याकडं मुक्काम करू काय. पार्टी क्रॅश करणं म्हणजे न बोलावता जाणं. क्रॅश कोर्स, क्रॅश डाएट यात तर कायच आदळत नाही, थोड्या दिवसांत घाईनं उरकायचं एवढंच.

मोबाईलच्या दुकानात सगळ्यात जास्त घोळ होतो. फोन हातातून पडून काच फुटली तर तो क्रॅश नव्हे, डिस्प्ले गेला म्हणून सांगा, नाहीतर तो दुकानदार सॉफ्टवेअर बघत बसतो. स्क्रीन आहे तिथंच अडकली तर हँग, अ‍ॅप आपोआप बंद होऊन बाहेर फेकलं तर क्रॅश. कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्ये मात्र खरीच धडक असते, आत चकती गरगर फिरते, तिच्यावर केसापेक्षाही कमी अंतरावर वाचणारं हेड तरंगत असतं, ते टेकलं की चकतीवर ओरखडे पडतात, त्याला हेड क्रॅश म्हणतात. कट्‌कट्‌ आवाज यायला लागला तर परत परत चालू करून बघू नका, राहिलेले फोटोपण जातात!

बाजाराचं बोलायचं तर बटाट्याचा दर दोन रुपयांनी उतरला की लगेच क्रॅश लिहू नका, तो एकदम कोसळावा लागतो. १९ ऑक्टोबर १९८७ ला अमेरिकेच्या शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के पडला, तो क्रॅश.

आणखी एक, आपण ‘झाडाला धडकली’ म्हणतो म्हणून पोरं "क्रॅश्ड टू द ट्री" लिहितात, तिथं ‘इन्टू’ पाहिजे.

आता आपल्या भागात हमखास होणारी चूक. उसाचं गाळप म्हणजे क्रशिंग, स्पेलिंगमध्ये ‘यू’. निपाणीकडच्या एका शेतकऱ्याच्या पोरानं कारखान्याला द्यायच्या अर्जात ‘क्रॅशिंग सीझन’ लिहून आणलं होतं, माझ्यासमोर बसूनच त्यानं ‘ए’ खोडून ‘यू’ केला आणि मगच खाली वडिलांची सही घेतली.