कवचच्या साईटवर रुजू होण्याआधी

कवच म्हणजे लाल सिग्नल ओलांडला जाऊ नये, गाड्यांची टक्कर होऊ नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी रेल्वेची यंत्रणा, हे तुम्ही वाचलेलं असणारच, त्यामुळे जास्त सांगत बसत नाही. एक गोष्ट मात्र आपल्याकडच्या, मराठवाड्यातल्या पोरांना माहीत नसते. कवचचं पहिलं मोठं काम दक्षिण मध्य रेल्वेवर झालं, १,४६५ किलोमीटर, आणि त्यात मनमाड–मुदखेड अन् परभणी–बीदर हे आपले मार्ग होते. म्हणजे पुण्यात खोली न घेताही या कामात शिरता येतं. मी सेलूचा, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, ठेकेदाराकडे साईटवर. सुरुवातीला लई घाबरलो होतो.

पहिलं म्हणजे एसआयएल-४ हा सुरक्षिततेच्या सगळ्यात वरच्या पातळीचा शिक्का डोक्यातून काढा. तो यंत्राला मिळालाय, तुम्ही माहिती भरता त्या एक्सेल शीटला नाही.

हे मला उमजायला फार वेळ लागला, म्हणून जरा लांबण लावतो. यंत्रणा फेल-सेफ आहे, बिघडली की गाडी थांबवेल, असं आपल्याला शिकवतात. ते खरंच आहे. रेडिओ तुटला, टॅग वाचला गेला नाही, की कवच सावध होतं. पण चुकीची माहिती हा बिघाड नसतो ना! इंजिनाला स्वतःचा ठावठिकाणा कळतो तो स्लीपरवरच्या आरएफआयडी टॅगवरून, म्हणजे इंजिन वरून जाताना रेडिओनं वाचतं त्या छोट्या खुणेवरून. दोन टॅगमधलं अंतर ते चाकाच्या फेऱ्यांवरून मोजतं. पुढचा सिग्नल किती लांब, चढ किती, वेगमर्यादा कुठं, हे स्टेशनचं कवच त्याला रेडिओवरून कळवतं. आणि स्टेशनच्या कवचला हे कुणी सांगितलं? आपणच भरून दिलं. आता समजा, दुहेरीकरणात होम सिग्नल (स्टेशनात शिरायच्या आधीचा) ८० मीटर अलीकडे आला आणि भरलेल्या माहितीत जुनंच अंतर राहिलं. इंजिन निवांतपणे जुन्या जागेसाठी ब्रेकचं गणित मांडणार. अलार्म वाजेलच, या भरवशावर राहू नका.

म्हणून ड्रॉइंग हातात आलं की आधी कोपऱ्यातली शेवटच्या दुरुस्तीची तारीख बघा. मग चालत जा. सिग्नलचा पाया, पॉइंटचं (रूळ बदलायच्या जागेचं) टोक, फाउलिंग मार्क (शेजारच्या रुळावरच्या गाडीला धक्का न लागता कुठवर उभं राहता येतं ती खूण), प्रत्येक टॅगचा नंबर. मोजायचं, लिहायचं, आणि भरणाऱ्यानं सोडून दुसऱ्यानं तपासायचं. रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगनं स्लीपर बदलले की टॅग काढून परत बसवले जातात. टॅग जोडीनं असतात आणि दिसायला सारखे, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा लागू शकतो. मे महिन्यात दुपारी रुळाजवळ उभं राहवत नाही, तेव्हा "मागच्या महिन्यात मोजलंय की" असं कुणीतरी म्हणतंच. म्हणू द्या. तुम्ही पहाटे जा.

‘पंधरा दिवसांत कवच एक्स्पर्ट’ असले क्लास निघालेत. पैसे घालवू नका. इंटरलॉकिंग, म्हणजे पॉइंट आणि सिग्नल एकमेकांशी बांधून ठेवणारी यंत्रणा, कळल्याशिवाय कवच कळत नाही, कारण रूट लागलाय का, सिग्नल कुठला आहे, हे कवच इंटरलॉकिंगकडूनच घेतं. तिथंच वायर चुकली तर कवच काय करणार? त्यासाठी एखादा जुना सिग्नल मेंटेनर गाठा. मला जे काका भेटले ते लॅपटॉपला हात लावत नसत, पण कंट्रोल टेबल (कुठल्या रूटला कुठला सिग्नल, कुठला पॉइंट याचा तक्ता) बोट ठेवून ओळ-ओळ वाचून घ्यायचे. सुटाबुटातल्या सल्लागारांपेक्षा असा माणूस शंभर पटीनं बरा. रिले रूममध्ये, म्हणजे इंटरलॉकिंगचे रिले असतात त्या खोलीत, "नुसतं बघून घेतो" करू नका. टी/३५१ हा फॉर्म भरून स्टेशन मास्तरांची डिस्कनेक्शनवर (यंत्रणा कामासाठी तोडायच्या परवानगीवर) सही घेतल्याशिवाय कशालाच हात लावायचा नाही. नोकरी तर जाईलच, पण आधी कुणाचा तरी जीव जाईल.

हे वाचून घाबरू नका. स्क्रीन, यंत्रणेचे मोड, केबलिंग हे सगळं महिनाभरात अंगवळणी पडतं.

नवीन सेक्शनवर सुरुवातीला कवच कधीकधी उगाच ब्रेक लावतं. लोको पायलट वैतागतात, आणि वैताग वाढला की यंत्रणा आयसोलेट, म्हणजे बाजूला काढून बंद करायची सवय लागते. मग ती असून नसल्यासारखी. त्यामुळे "साहेब, काल परतूरजवळ विनाकारण ब्रेक लागला" अशी तक्रार आली की हसू नका, लॉग काढा. काही इंजिनांना कवच आहे, काहींना नाही, असा मधला काळ असतो. त्या काळात ‘पुढच्या गाडीला असेलच’ असं कुणीही धरून चालायचं नाही.

आणि तुमचा स्वतःचा जीव. ८ मे २०२० ला बदनापूर–करमाड दरम्यान मालगाडीखाली १६ मजूर गेले, ते आपल्याच लाईनवर. कवचला सिग्नल कळतो, वेग कळतो, दुसरी गाडी कळते. रुळावरचा माणूस कळत नाही. लुकआउटवाला (गाडी येतेय का यावर नजर ठेवणारा) सोबत नसेल तर टॅगचं काम राहू द्या, सुपरवायझर कितीही ओरडला तरी.

पगाराचं म्हणाल तर ठेकेदाराकडे तो वेळेवर होईलच असं नाही, आमचा अजून मागचा अडकलाय. त्यामुळे आरआरबी जेईचा, म्हणजे रेल्वे भरती बोर्डाच्या ज्युनिअर इंजिनिअर परीक्षेचा फॉर्म दरवेळी भरत राहा, आणि अनुभवाचं पत्र काम सुटायच्या आधीच सही-शिक्क्यासह मागून घ्या.