क्वांटम मापनाची गणितं सोडवताना या चुका टाळा

चांदीच्या अणूच्या स्पिनची (म्हणजे अंगभूत कोनीय संवेगाची) एकच स्थिती घेऊ: 'वर'चा अ‍ॅम्प्लिट्यूड (ज्याच्या परिमाणाचा वर्ग म्हणजे संभाव्यता, ती संख्या) ३/५, 'खाली'चा ४आय/५. इथे आय म्हणजे −१चं वर्गमूळ.

झेड दिशेत मापलं तर संभाव्यता ०.३६ आणि ०.६४. बेरीज १ आली नाही, तर नॉर्मलायझेशन (बेरीज १ होईल असे अ‍ॅम्प्लिट्यूड एकाच संख्येने भागणं) केल्याशिवाय पुढे जाऊ नका. परिमाण न घेता नुसता वर्ग केलात तर दुसरी संभाव्यता −०.६४ येते, ही चूक निदान लपत तरी नाही. (वर्ग घ्यायचा, हे खुद्द भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्ननेही १९२६च्या निबंधात ऐनवेळी तळटीपेत घातलं होतं.)

झेड दिशेतल्या स्पिनचं अपेक्षित मूल्य −०.१४ एच-बार (एच-बार म्हणजे प्लँकचा स्थिरांक भागिले २ पाय). नाव 'अपेक्षित' असलं तरी हे उत्तर एकाही मापनात मिळत नाही. मिळतं ते +१/२ किंवा −१/२ एच-बारच. सरासरी काढायची ती एकाच पद्धतीने तयार केलेल्या पुष्कळ अणूंवर. तोच अणू लगेच पुन्हा झेडमध्ये मापलात तर पहिलंच उत्तर परत येईल. प्रमाण विचलन ०.४८ एच-बार येतं, ते उत्तरांच्या विखुरण्याचं. उपकरण कितीही अचूक आणा, ते कमी होणार नाही.

खरी गडबड फेजमध्ये, म्हणजे अ‍ॅम्प्लिट्यूडच्या कोनात (इथे त्या आयमध्ये) होते. एक्स दिशेत 'वर' मिळण्याची संभाव्यता ०.५ आहे. मधला आय गाळलात तर ०.९८ येते. वाय दिशेत खरं उत्तरच ०.९८, पण ब्रा (मापायच्या स्थितीचं गुणाकारात डावीकडे येणारं रूप) लिहिताना कॉन्ज्युगेट (आयचं चिन्ह उलटणं) विसरलात की ०.०२ येतं. इथे बेरजेची चाचणी कामाची नाही, कारण उलट दिशेची संभाव्यता ०.९८ येऊन बेरीज १ भरतेच. खात्री करायची तर वायचीच 'वर' स्थिती सूत्रात घाला: १ यायला हवं. ० आलं, तर कॉन्ज्युगेट राहिलाय.

'अणू आधीच वर किंवा खाली होता, आपल्याला फक्त माहीत नव्हतं' हा समज सगळ्यांत चिवट. त्याला कारणही आहे: ३६ टक्के 'वर' आणि ६४ टक्के 'खाली' अणूंचं साधं मिश्रण घेतलं, तर झेड आणि एक्समध्ये आकडे हुबेहूब तेच येतात. वायमध्ये मात्र मिश्रण ०.५ देतं, सुपरपोझिशन (म्हणजे 'वर' आणि 'खाली' एकत्र असलेली आपली मूळ स्थिती) ०.९८. म्हणून दोन दिशांचे आकडे जुळले एवढ्यावर स्थिती ओळखली असं धरू नका. तिसरी दिशा मोजा.