मुलांना डॅलेक दाखवताना

'डॉक्टर हू अँड द डॅलेक्स' हा १९६५चा ब्रिटिश चित्रपट मुलांना दाखवणार असाल, तर "जुना आहे हं, जरा सांभाळून घ्या" असं आधी म्हणू नका. तसं म्हटलं की मुलं न बघताच त्याला नापास करतात. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि आठ ते बारा वर्षांच्या मुलांना हा चित्रपट आवर्जून दाखवते. सांभाळून घ्यावं असं त्यात काही नाही.

एवढंच सांगा: टेरी नेशन यांनी लिहिलेली सात भागांची गोष्ट बीबीसीवरच्या 'डॉक्टर हू' या मालिकेत डिसेंबर १९६३मध्ये सुरू झाली, तिच्यावरूनच हा चित्रपट केला. डॅलेक म्हणजे चिलखती यंत्रात बसलेले परग्रहावरचे दुष्ट जीव. टीव्हीवर सगळं कृष्णधवल होतं, इथे डॅलेक लाल, काळे आणि निळे-रुपेरी दिसतात. म्हणून दुपारी लावणार असाल तर पडदे ओढून घ्या. चित्र रुंद आहे, टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या येतील. त्या राहू द्या. 'झूम' केलंत तर कडेला उभे असलेले डॅलेक कापले जातात. इंग्रजी अक्षरं खाली चालू ठेवा. डॅलेक एकेक शब्द तोडून बोलतात, ते मुलांना सहज कळतं. माणसांचं बोलणं मात्र भरभर आहे.

मूळ मालिका माहीत असलेल्या मोठ्यांनी कृपा करून गप्प बसावं. तिथला डॉक्टर परग्रहावरचा. इथे पीटर कुशिंगचा डॉक्टर हू हा साधा पृथ्वीवरचा आजोबा आहे आणि टार्डिस हे काळातून आणि अवकाशातून फिरायचं यंत्र त्याने स्वतः बनवलंय. दर पाच मिनिटांनी "खरं तर असं नव्हतं" ऐकून कुणाचाही रस जातो.

पहिलंच दृश्य मुलांना नीट बघू द्या. धाकटी नात सुझी भौतिकशास्त्राचं जाडजूड पुस्तक वाचतेय, तिची मोठी बहीण विज्ञानाचंच पुस्तक वाचतेय आणि आजोबा? ते रंगून गेलेत 'ईगल' या कॉमिकमध्ये. एक शब्द न बोलता घर कसं आहे ते कळतं. पुढे औषध आणायला याच सुझीला अंधाऱ्या, दगड झालेल्या जंगलातून एकटीला जावं लागतं. तिथे तिला मिळालेल्या झग्यावर मुलांना लक्ष ठेवायला सांगा, कारण डॅलेकांच्या कोठडीतून सगळ्यांची सुटका त्याच झग्यामुळे होते. डॅलेक जमिनीतल्या स्थिर विजेवर चालतो; त्याला झग्यावर ओढला की जमिनीशी संबंध तुटतो आणि तो जागच्या जागी बंद.

इथे चित्रपट थांबवा. हीच एक जागा, बाकी कुठे थांबवू नका. कोरड्या केसांवर प्लॅस्टिकचा कंगवा घासून कागदाचे कपटे उचलून दाखवा. (पावसाळ्यात हे नीट जमत नाही, हवा दमट असते.) मग विचारा: या कंगव्यावर पंखा फिरेल का? जत्रेतली टक्कर देणारी गाडी आठवायला सांगा. तिची दांडी वरच्या जाळीला टेकते, चाकं खालच्या पत्र्याला, तेव्हा विजेचं मंडल (सर्किट) पूर्ण होतं. डॅलेकच्या डोक्यावर दांडी कुठे आहे? मग तो चालतो कसा? उत्तर देऊ नका, भांडू द्या. मुलांनी उलटतपासणी घ्यावी अशी कल्पना गोष्टीतच हाताशी मिळते, म्हणून मला हा चित्रपट इतका आवडतो.

भीतीचं म्हणाल तर लहान मुलं एका क्षणी हमखास दचकतात: डॅलेकच्या आतला जीव झग्यात गुंडाळून बाहेर टाकतात आणि कापडाखालून एक पंजा हळूच बाहेर येतो. तेव्हा जवळ बसा. त्याच ग्रहावरच्या शांतताप्रिय थाल लोकांना डॅलेक दगा देतात, तेही लागतं. मारामारी मात्र पांढऱ्या वायूच्या फवाऱ्यांची आहे, रक्त दिसत नाही.

सगळा मिळून दीड तासाच्या आतला मामला. याचा पुढचा भाग १९६६चा आहे. त्यात लंडन उद्ध्वस्त झालंय आणि माणसांनाच रोबोमेन बनवून राबवलं जातं. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना तो लगेच लावू नका, वर्षभर जाऊ द्या.