रॅटमध्ये डायबेटिस मॉडेल करायचंय? एसटीझेडची बाटली उघडायच्या आधी हे वाचा

एम.फार्म.ला फार्माकॉलॉजी घेतलं की दर बॅचमध्ये कोणीतरी अँटीडायबेटिक विषय घेतंच, जांभूळ झालं, मेथी झाली, गुळवेल झाली, आणि सिनॉप्सिसमध्ये बिनधास्त लिहिलेलं असतं 'एसटीझेड इंड्यूस्ड टाइप टू डायबेटिस'. पहिली गडबड इथेच होते. स्ट्रेप्टोझोटोसिन, म्हणजेच एसटीझेड, ग्लूट-2 ट्रान्सपोर्टरमधून (सेलमध्ये ग्लुकोज आत घेणारं प्रोटीन) पँक्रियाजच्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा सेल्समध्ये शिरतं, तिथला डीएनए खराब करतं आणि सेल्स मरतात. मोठ्या रॅटला 50-65 मिग्रॅ/किलोचा एकच डोस दिला की इन्सुलिनच जवळपास संपतं, म्हणजे हे टाइप वनसारखं झालं. टाइप टूमध्ये सुरुवातीला इन्सुलिन भरपूर असतं पण शरीर त्याला दाद देत नाही, ते इथे कुठे आहे?

त्यामुळे आधी आपलं औषध नेमकं कशावर काम करणार ते ठरवा. इन्सुलिन रेझिस्टन्स बघायचा असेल तर रॅटला काही आठवडे हाय फॅट डाएट द्या आणि नंतर कमी डोस एसटीझेड, 35 मिग्रॅ/किलोच्या आसपास. वेळ जातो, खाद्याचा खर्च वाढतो, गाईड कुरकुर करतात, पण निदान प्रश्न आणि मॉडेल जुळतं. दुसरा मार्ग म्हणजे एसटीझेडच्या 15 मिनिटं आधी निकोटिनामाइड, त्याने थोड्या बीटा सेल्स वाचतात. ग्लिबेनक्लामाइड स्टँडर्ड (तुलनेसाठीचं नेहमीचं औषध) म्हणून ठेवणार असाल तर हे लक्षात असू द्या, ते औषध बीटा सेल्सकडूनच इन्सुलिन सोडवून घेतं, सेल्सच उरल्या नाहीत तर ते करणार काय?

परवानगीशिवाय एकाही प्राण्याला हात लावायचा नाही. फॉर्म बी, म्हणजे परवानगीचा अर्ज, भरून कॉलेजच्या आयएईसीकडे (प्राण्यांवरच्या प्रयोगांची एथिक्स कमिटी) द्यायचा (त्यावरची केंद्र सरकारची कमिटी आधी सीपीसीएसईए होती, आता सीसीएसईए म्हणतात). तिथे प्राण्यांची संख्या का एवढीच हे विचारतात, 'सगळे सहाच घेतात' हे उत्तर नाही, सँपल साईझ काढून न्या. आणि काही प्राणी दगावतील, काहींना डायबेटिस होणारच नाही, तेही त्या आकड्यात धरा.

आता इंजेक्शनचा दिवस. एसटीझेड उणे 20 डिग्रीला ठेवलेलं, उजेडापासून लांब. थंड सायट्रेट बफर, 0.1 मोलर, पीएच 4.5, आणि पीएच मीटरवर बघायचा, अंदाजपंचे नाही. पावडर विरघळवली की 10-15 मिनिटांत वापरून संपवा, म्हणून सगळ्या रॅटची वजनं आधीच करून कागदावर व्हॉल्यूम लिहून ठेवा: 250 ग्रॅमचा रॅट, डोस 50 मिग्रॅ/किलो, म्हणजे 12.5 मिग्रॅ, सोल्यूशन 50 मिग्रॅ/मिली असेल तर 0.25 मिली. सोल्यूशन बनवल्यावर कॅल्क्युलेटर शोधत बसलात तर शेवटच्या रॅटला पहिल्याइतकं औषध मिळत नाही आणि मग रीडिंग का विस्कटली म्हणून डोकं धरायची वेळ येते. पावडर वजन करताना ग्लोव्हज, मास्क, फ्यूम हूड, कारण ती कॅन्सरकारक आहे. कंट्रोल ग्रुपलाही नुसतं बफर टोचायचं.

त्या रात्रीबद्दल नीट सांगतो कारण सगळ्यात जास्त प्राणी तेव्हाच जातात. बीटा सेल्स फुटल्या की साठवलेलं इन्सुलिन एकदम बाहेर पडतं, साधारण 4-8 तासांनी शुगर धाडकन खाली येते, फिट्स येऊन रॅट मरतो. सकाळी पिंजरा उघडणाऱ्याला वाटतं डोस जास्त झाला! म्हणून पाण्याच्या बाटलीत रात्रभर 5-10 टक्के ग्लुकोज द्या, आणि इंजेक्शनआधी उपाशी ठेवलं असेल तर खाणं परत ठेवायला विसरू नका.

72 तासांनी शेपटीच्या टोकाचा थेंब, ग्लुकोमीटर. बरेच जण 250 मिग्रॅ/डेसीलिटरच्या वरचे रॅट घेतात, तुमचा कटऑफ काहीही असो, तो प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहिलेला हवा, रीडिंग बघून नाही ठरवायचा. मीटरवर 'HI' आलं तर त्याला मराठीत नमस्कार समजू नका, मीटरच्या रेंजबाहेर गेलंय ते. उपाशी ठेवून मोजताय की खाल्लेल्यावर, ते शेवटपर्यंत एकच ठेवा. केटामाइन-झायलाझिनची भूल देऊन मोजू नका, झायलाझिन स्वतःच शुगर वाढवतं.

मग एक आठवडा थांबून परत मोजा. कमी डोसवर काही रॅट आपोआप सावरतात, आणि तेच रॅट औषधाच्या ग्रुपमध्ये आले की तुमचा काढा जादू करतोय असं दिसतं. डायबेटिक पण औषध न दिलेला ग्रुप शेवटपर्यंत ठेवायचा तो यासाठी, आणि ग्रुप पाडताना चिठ्ठ्या टाका किंवा रँडम नंबर वापरा, हातात आला तो रॅट पहिल्या ग्रुपला असं करू नका, कारण सुस्त रॅट आधी हातात येतो.

बाकी रोजचं काम कंटाळवाणं आहे. डायबेटिक रॅट खूप मुततो, बेडिंग रोज बदला, पाण्याच्या जास्त बाटल्या ठेवा, वजन लिहा. वजन किती टक्के घटलं की त्या प्राण्याला स्टडीतून काढून वेदना न होता संपवायचं हे फॉर्म बीमध्येच ठरवलेलं असतं, 20 टक्के बऱ्याच ठिकाणी धरतात, तिथे 'अजून दोन दिवस बघू' करायचं नाही.

किडनीवर निष्कर्ष काढणार असाल तर जरा जपून, ग्लूट-2 किडनीत आणि लिव्हरमध्येही असतो, त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांतलं डॅमेज शुगरमुळे की थेट एसटीझेडमुळे हे सांगता येत नाही. थिसिसमध्ये स्ट्रेन, लिंग (नर रॅट जास्त सेन्सिटिव्ह असतात), वय, डोस, किती टोचले, किती मेले, किती वगळले आणि का, सगळं टेबलात टाका, व्हायवाला बाहेरचे एक्झामिनर बहुतेक हेच विचारतात.