अ‍ॅनिमेतील जादुई पात्र आधुनिक जगात आणताना या चुका टाळा

तलवार बाळगणारी योद्धा किंवा शिंगे असलेला दैत्यराज आजच्या टोकियोत येऊन पडतो, अशी अ‍ॅनिमेची (जपानी अ‍ॅनिमेशनची) कथा लिहिताना हमखास होणारी चूक म्हणजे पात्राला दिसेल त्या वस्तूपुढे सारखेच थक्क करणे. टीव्हीच्या खोक्यात माणसे कोंडली आहेत असे समजून त्यावर तलवार उगारण्याचा प्रसंग वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे. ज्याने स्फटिकगोळ्यात दूरचे चेहरे पाहिले आहेत, त्याने पडद्यावरच्या चेहऱ्याला का भ्यावे?

नवल कशाचे वाटेल, हे पात्राच्या मूळ जगाच्या हिशेबावरून ठरवावे. समजा, एका मांत्रिकाला दिवा पेटवण्यासाठी स्वतःच्या अंगातली शक्ती खर्चावी लागते. बटण दाबताच उजेड पडला, एवढ्याने तो चकित होणार नाही. मात्र सहा वर्षांच्या मुलाने बटण दाबले, त्याला साधी धापही लागली नाही आणि नंतर रिकाम्या खोलीत तो दिवा रात्रभर तसाच जळत राहिला, हे पाहून त्याचा डोळा लागणार नाही. कोणाची शक्ती वाया चालली आहे, या काळजीने तो उठून बसेल.

धंद्याची नजर विसरणे ही दुसरी चूक. 'थर्मे रोमे' या 2012 च्या अ‍ॅनिमेतील ल्युशियस जादुई जगातला नसून सम्राट हेड्रियनच्या काळातला रोमन आहे, तरी येथे त्याच्याइतका चांगला धडा दुसरा नाही. तो स्नानगृहे बांधणारा वास्तुविशारद असल्यामुळे काळ ओलांडून आधुनिक जपानी सार्वजनिक स्नानगृहात पोहोचताच त्याचे लक्ष तिथल्या सोयींकडे जाते, आणि स्नानानंतर प्यायलेल्या गार, फळांच्या स्वादाच्या दुधाचाही तो रोमच्या ग्राहकांसाठी विचार करतो. समोरची माणसे गुलाम असावीत हा त्याचा समज चुकीचा आहे, पण रोमन माणसाने तोच करून घ्यावा इतका तो स्वाभाविक आहे.

भाषेचा प्रश्न गुपचूप गाळू नये. 'फेट/झिरो' या अ‍ॅनिमेमध्ये जादूने भूतकाळातून बोलावलेल्या वीरांना आधुनिक काळाचे ज्ञान, भाषेसकट, पवित्र चषक या जादुई वस्तूकडूनच मिळते. असा एखादा नियम आधीच सांगितला की प्रेक्षक तो विनातक्रार स्वीकारतो.

पात्र दोन भागांत पुरते शहरी होऊन जाते, ही चूक मात्र सर्वांत घातक आहे, कारण मग त्याला दुसऱ्या जगातून आणण्याचे प्रयोजनच उरत नाही. 2013 च्या 'द डेव्हिल इज अ पार्ट-टाइमर!'मध्ये जादूचा साठा आटलेला दैत्यराज भूक आणि घरभाडे यांपायी फास्ट फूडच्या दुकानात तासांवर काम धरतो, तरीही त्याची राज्यतृष्णा मरत नाही. तीच आता कायम नोकरी आणि बढती मिळवण्याच्या जिद्दीतून दिसते. तुमचे पात्र महिनाभराने रांगेत निमूट उभे राहू लागले असेल, तर आपला नंबर येईपर्यंत त्याचा हात तलवारीची मूठ शोधत कमरेकडे जातो का, ते तपासा.