बोट सुटण्याआधी ठाण्यातच उरकायच्या गोष्टी

सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला काय करायचं यावर आमच्या नौपाड्याच्या घरात महिनाभर बोलणं चाललं होतं. हॉलमधला कार्यक्रम त्यांना नको होता आणि घाटातला प्रवास त्यांना सोसत नाही. शेवटी मुंबईहून गोव्याला जाऊन परत मुंबईला येणारी क्रूझ ठरली, आम्ही आठ जण. परत आल्यापासून सोसायटीतल्या चार जणींनी तरी विचारलं, "काय काय न्यायचं गं?" म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

क्रूझमध्ये लोकांना नेमकं काय आवडतं हे आधी सांगते, कारण यादी त्यावरूनच ठरते. बॅग एकदाच उघडायची. रात्री मुंबई सोडायची, पुढे गोव्याचा किनारा बघायचा, आणि मधे कुणी सामान बांधायचं नाही, ड्रायव्हरला फोन लावायचा नाही, जेवायला कुठे थांबायचं यावर वाद घालायचा नाही. आजी सकाळी सहाला चहा घेऊन डेकवर बसते, नातू दहाला उठतो, आणि रात्री सगळे एका टेबलावर जेवतात. तीस वर्षं आमच्या प्रत्येक सहलीत "अमुक कुठे ठेवलंय?" याचं उत्तर मीच देत आले आहे. जहाजावर तरी ते द्यावं लागू नये, एवढ्यासाठी ही सगळी तयारी.

पहिली गोष्ट महिना. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून चेंदणी कोळीवाड्यातले कोळीबांधव होड्या काढतात, पण आपण दिवाळी जाऊ द्यावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पश्चिम किनाऱ्यावर समुद्र बराच शांत असतो. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी, विशेषतः घरात कुणाला गाडी लागत असेल तर, याच महिन्यांत जावं.

मग केबिन. इथे घाई करू नका, तिकीट काढताना जहाजाचा नकाशा मागून घ्या. जहाज टोकांना जास्त हलतं, मधोमध कमी, आणि वरच्या मजल्यांपेक्षा खालच्या मजल्यांवर कमी. ज्यांना त्रास होतो त्यांच्यासाठी मधली, खालची केबिन. थिएटरच्या डोक्यावरची किंवा स्विमिंग पूलच्या डेकखालची केबिन वृद्धांना देऊ नका, रात्री आवाज येतो. लिफ्ट जवळ असावी. आतल्या बाजूच्या, बिनखिडकीच्या केबिनमध्ये दिवा बंद केला की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही, त्यामुळे प्लगमध्ये बसणारा छोटा नाइट लॅम्प न्याच. आई रात्री दोनदा उठतात, त्यांना त्याचा फार आधार झाला.

कागदपत्रांत प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र, लहान मुलांचंसुद्धा. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. वेब चेक-इन घरीच करा आणि बोर्डिंग पास छापून घ्या. घरात कुणी गरोदर असेल तर बुकिंगआधीच विचारा. बहुतेक कंपन्या २४ आठवड्यांनंतर घेत नाहीत. सिंगापूरहून निघणारी क्रूझ असेल तर पासपोर्ट किमान सहा महिने चालू हवा, आणि जहाज परत सिंगापूरलाच येणार असल्याने व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, ते पाहा.

आता ज्या चुकीमुळे मी एक अख्खी संध्याकाळ घालवली ती सांगते. मोठ्या बॅगा टर्मिनलवर सोपवायच्या असतात आणि त्या केबिनच्या दारात यायला काही तास लागतात. आईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी मोठ्या बॅगेत, साडीच्या घडीत नीट जपून ठेवल्या होत्या. गोळीची वेळ सातची, बॅग आली पावणेनऊला. आई काही बोलल्या नाहीत, पण त्या पावणेदोन तासांत मी चार वेळा त्या लांबलचक बोळात जाऊन बघून आले. म्हणून सांगते, एक खांद्यावरची पिशवी वेगळी भरा. त्यात सगळ्यांची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, ओळखपत्रं, चार्जर, मुलांचे पोहण्याचे कपडे आणि एक शाल. पोहण्याचे कपडे नायलॉनचेच, सुती चालत नाहीत. शाल यासाठी की जहाजात एसी जोरात असतो आणि डेकवर सूर्य कलल्यावर वारा अंगाला झोंबतो. मोठ्या बॅगेला डेक आणि केबिनचा नंबर लिहिलेलं लेबल घट्ट बांधा.

बोट लागण्याची भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, डोळे केबिनच्या स्थिर भिंती बघून सांगतात की नाही, या गोंधळातून मळमळ सुरू होते. म्हणून केबिनमध्ये पडून राहण्यापेक्षा डेकवर येऊन क्षितिजाकडे बघावं. ॲव्होमिनसारखी गोळी घ्यायची तर आपल्या डॉक्टरांना विचारून, आणि जहाज सुटण्याच्या आधी; उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नसतो. झोप येते, हेही लक्षात असू द्या. मी आल्याच्या वड्या नेल्या होत्या. जेवण हलकं ठेवा, पण पोट रिकामं ठेवू नका.

काही वस्तू घरीच राहू द्या. इस्त्री, किटली, मेणबत्ती, उदबत्ती दारातच काढून घेतात, आणि ते योग्यच आहे. भर समुद्रात आगीइतकी मोठी भीती दुसरी नाही. घरचं शिजवलेलं अन्नही बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत. उपास किंवा कांदा-लसूण वर्ज्य असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा. त्याऐवजी चुंबकाचे दोन-चार हुक घ्या. केबिनच्या भिंती पोलादी असतात, त्यावर हुक चिकटतात आणि टोप्या, ओळखपत्रांच्या माळा, ओले टॉवेल सगळं जागच्या जागी लागतं.

फोन जहाजावर चढल्यावर एअरप्लेन मोडवर टाका. किनारा सुटला की जहाजाचं स्वतःचं उपग्रहावरचं नेटवर्क फोन पकडू शकतो आणि त्याचं बिल फार येतं. बँकेची कामं, विजेचं बिल, मुलीच्या कॉलेजची फी, जे असेल ते आधी भरून टाका.

निघण्याच्या दिवशी वेळ हातात ठेवा. बॅलार्ड पिअरला सीएसएमटीहून टॅक्सीने फार अंतर नाही, पण आठ जण, बॅगा आणि पंच्याहत्तरीच्या आई घेऊन लोकल नको. आम्ही दोन गाड्या केल्या, चेंबूरहून फ्रीवे धरला. पी. डिमेलो रस्त्यावर उतरल्यावर रांग लागते, तिचा अर्धा तास वेगळा धरा. गोदीला बरीच गेटं आहेत, आपलं कोणतं ते ड्रायव्हरला आधी सांगा. चेक-इनची वेळ संपली की संपली, जहाज कुणासाठी थांबत नाही.

चढल्यावर लाइफ जॅकेटचं प्रात्यक्षिक होतं, ते टाळू नका. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळली, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं प्रात्यक्षिक तोवर झालेलंच नव्हतं. त्यानंतर नियम बदलला आणि २०१५ पासून ते जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी करावं लागतं. संकटाच्या वेळी आपण जिथे जमायचं त्या जागेपर्यंत आजीला हाताला धरून एकदा चालत नेऊन आणा.

आणि दुर्बीण विसरू नका. सगळे जण कुलाब्याच्या बाजूला फोटो काढत असतात, तेव्हा तुम्ही डाव्या कठड्याला जा. अलिबागजवळच्या थळच्या समोर खांदेरीचं बेट आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे तटबंदी सुरू केली, इंग्रजांनी गलबतं पाठवून अडवायला पाहिलं, तरी किल्ला उभा राहिला. २०२५ मध्ये जागतिक वारशात गेलेल्या आपल्या बारा किल्ल्यांपैकी तो एक. अंधारात तिथलं दीपगृह लुकलुकताना दिसलं. आई कठडा धरून उभ्या होत्या. लहानपणी त्या भाऊच्या धक्क्यावरून मालवणला बोटीनं जायच्या. म्हणाल्या, "अगं, तेव्हा बोट लांब उभी राहायची. पडावात उतरताना खलाशी आम्हा पोरांना उचलून घ्यायचे. माझी आई पदरात तोंड लपवून बसायची, तिला बोट लागायची ना." एवढं त्यांनी मला आजवर कधी सांगितलं नव्हतं, आणि त्या वेळी मलाही दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं.

परतीच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात, म्हणून सकाळचे कपडे आणि औषधं पुन्हा त्या खांद्याच्या पिशवीत. घरी आल्यावर त्या दिवशी काय जेवायचं हेही निघण्याआधीच ठरवून ठेवा. मी डाळ-तांदूळ निवडून डब्यात भरून ठेवले होते, खिचडी मुलाने लावली.