टेस्टर उजळतो, पण दिवा लागत नाही: विजेच्या परतीच्या वाटेवरील या चुका टाळा

घरातील दिवे गेले की आपण प्रथम टेस्टर शोधतो आणि तो सॉकेटमध्ये उजळला की वीज आहे असे समजून बल्ब किंवा उपकरण बदलायला घेतो. टेस्टर मात्र फेज (वीज आणणारी तार) आली आहे एवढेच सांगतो. डीपीवरून (परिसराला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून) निघालेला प्रवाह न्यूट्रलने (परतीच्या तारेने) त्याच डीपीपर्यंत परतू शकतो की नाही, हे त्याला कळत नाही. 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर सुमारे 8.7 अँपिअर प्रवाह घेतो आणि न्यूट्रलमधूनही तेवढाच प्रवाह वाहतो, कारण गीझरमध्ये खर्च होते ती ऊर्जा. म्हणून न्यूट्रलला ‘थंड तार’ समजून तिचा जोड कसाबसा पिळून ठेवणे ही पहिली आणि सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

सॉकेटच्या फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही छिद्रांत टेस्टर उजळत असेल, तर बहुधा मागे कुठेतरी न्यूट्रल तुटलेली असते आणि चालू असलेल्या एखाद्या उपकरणातून फेज तिच्यात उतरलेली असते. सर्व बटणे बंद करून प्लग काढल्यावर न्यूट्रलवरचा उजेड गेला, तर हे निदान जवळजवळ पक्के होते. याउलट काही दिवे मंद आणि काही भगभगीत झाले, पंखे एकाएकी वेगाने फिरू लागले, तर खांबावरची न्यूट्रल सुटल्याची शक्यता असते. अशा वेळी 230 ऐवजी 400 व्होल्टच्या जवळपास दाब घरात येऊ शकतो. कारण शोधत न बसता मेन स्विच पाडावा आणि महावितरणच्या 1912 क्रमांकावर कळवावे.

न्यूट्रल गेल्यावर सॉकेटमधील अर्थिंगची तार न्यूट्रलला जोडून दिवे लावून देणारे वायरमन आजही आढळतात. हे कोणालाही करू देऊ नये, कारण त्यामुळे फ्रीज आणि गीझरचे पत्रे थेट परतीच्या वाटेवर येतात. अर्थिंग चांगले असले तरी ते पुरेसे नसते: अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध 10 ओहम असेल, तर फेज पत्र्याला लागल्यावर 23 अँपिअरच वाहतील आणि 32 अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाह आल्यावर आपोआप पडणारा स्विच) पडणार नाही. गेलेल्या आणि परतलेल्या प्रवाहातला फरक मोजणारा आणि तो वाढताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी स्विच यासाठीच हवा. तो वारंवार पडत असेल, तर त्याला दोष देऊन काढून टाकण्याआधी इन्व्हर्टरची आणि घराची न्यूट्रल एकत्र झाली आहे का, हे पाहावे. नाशकातील जुन्या वाड्यांत खोल्या वाढवताना दुसऱ्या जोडणीची न्यूट्रल अशी उसनी घेण्याची सवय रुळलेली आहे.

सर्वांत जास्त काळजी मळ्यातील मोटारीच्या खोलीची वाटते. तीन फेजच्या मोटारीला न्यूट्रल लागत नसल्याने ती पुष्कळदा स्टार्टरच्या पेटीपर्यंत आणलेलीच नसते आणि मग बल्बची एक तार फेजला व दुसरी अर्थिंगच्या सळईला बांधली जाते. पावसाळ्यात हे बिनबोभाट चालते. उन्हाळ्यात सळईभोवतीची माती सुकली किंवा सळईची तार गंजून तुटली, की बल्बमधून आलेली फेज त्याच अर्थिंगला जोडलेल्या पंपावर आणि लोखंडी पाइपावर येते. 60 वॅटचा बल्ब पाव अँपिअर घेतो, तर जिवावर बेतायला 30 मिलिअँपिअरच्या पुढचा प्रवाह पुरतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा उतरल्यावर द्राक्षबागेला रात्री पाणी देणारा माणूस ओल्या पायांनी त्याच पाइपाला हात लावतो. तेव्हा बॅटरीचा किंवा सौर दिवा लावावा, नाहीतर परवानाधारक वायरमनकडून डीपीपासून स्वतंत्र न्यूट्रल ओढून घ्यावी आणि सळईला बांधलेली बल्बची तार आजच, मेन स्विच पाडून, सोडवावी.